शनिवारची फेरी

शनिवार, ४ सप्टेंबर १९८२

आज सकाळी मी मंडळीतल्या सगळ्या घरांची फेरी केली आणि एक घर सोडलं. ते माझं.

उद्या महिन्याचा पहिला रविवार. उदगीरहून पाळकसाहेब येतील, प्रभुभोजन होईल. त्याच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरी जाऊन एकच गोष्ट विचारायची, ही आमची रीत माझ्या वडिलांच्याही आधीपासूनची. "कोणाशी अबोला हाय का?" असला तर दिवस मावळायच्या आत जाऊन मिटवायचा. मिटला नाही तर उद्या पोळी आणि प्याला देताना उठायचं नाही, मागच्या सतरंजीवर बसून राहायचं. आधी वडील ही फेरी करायचे, आता मी करतो. शिंप्याला लोक तसंही माप देता देता मनातलं सांगतात.

कस्तुराबाईचा जावेशी अबोला होता. पाऊस नाही, विहिरी तळाला गेल्या, आणि हापशावर घागरींच्या रांगेवरून रोज भांडणं. कस्तुराबाई म्हणाली, "मास्तर, तिनं माझी घागर पायानं सरकवली. हातानं सरकवली असती तर म्या काही बोलले नसते." आतून जाऊ ओरडली, "हातात दुसरी घागर होती बाई, पायच तेवढा रिकामा होता!" दोघी हसल्या आणि अबोला तिथेच मोडला. अशा वेळी मला वाटतं, देवाचं राज्य फार लांब नसावं.

मग माझं घर आलं. ओसरीवर सून रिबका जोंधळे निवडत होती. तिनं मान वर केली आणि हात थांबवला. मी काही विचारलं नाही. आपल्या घरी काय विचारायचं, सगळं माहीतच असतं, असं म्हणून मी मशीनवर बसलो. काम पुष्कळ आहे. पंधरा ऑगस्टपासून आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेला. नव्या कचेऱ्यांच्या शिपायांचे कपडे माझ्याकडे आलेत. शाळेच्या पोरांच्या चड्ड्या नेहमीच्याच. घरभर खाकी कापड पडलंय. कातरणं माझी बायको सरजाबाई गोळा करते आणि कोणा ना कोणा बाळंतिणीसाठी दुपटी शिवते. हिच्या ओळखीत बाळंतिणी फार.

मुलगा विल्सन नांदेडला सरकारी वर्कशॉपात फिटर आहे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गेला. खोली मिळाली की बायकोला नेतो म्हणाला होता. त्याला तीन वर्षं होत आली. नांदेडात खोल्यांची फार टंचाई असावी.

रविवार, ५ सप्टेंबर

पोळी घ्यायला सगळे उठले, रिबका उठली नाही. मागच्या सतरंजीवर एकटीच बसून राहिली. ताट माझ्याच हातात होतं.

परत येताना वाटेत मी विचारलं, "पोरी, तू कामून उठली न्हाईस?"

"अबोला हाय मामा."

"कोणाशी?"

"ज्याच्याशी लगीन लावून दिलं त्याच्याशी. तो बोलत न्हाई, येत न्हाई. म्या इतके दिवस तशीच उठत होते. काल तुम्ही दारात उभे राहिलात आन् न विचारता आत गेलात, तवा म्हटलं, मामांना बी ठाऊक हाय."

सरजाबाई आमच्या पुढे चालत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ऊन फार होतं.

शनिवार, ११ सप्टेंबर

आठवडाभर विचार केला. शास्त्र सरळ आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. मी लोकांना एका दिवसात मिटवायला लावतो आणि माझ्या घरातला अबोला तीन वर्षं जुना. तर रिबकाला घेऊन नांदेडला जायचं ठरवलं. समोरासमोर बसवलं की मिटेल. माणसं वाईट नसतात, लांब असतात.

सरजाबाईला हे पटलं नाही. "तुमी एकलेच जावा. पोरीला कशाला नेता?"

"समेट काय मी एकट्यानं करू?"

"उन्हाचा तिला त्रास व्हईल."

जी पोरगी रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडते तिला एसटीत बसून उन्हाचा काय त्रास! आईचं मन असंच असतं. तिला सून लेकीसारखी आहे.

गुरुवार, १६ सप्टेंबर

नांदेडला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

विल्सनचं घर रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत सापडलं. खोली एक नाही, दोन आहेत. दार एका बाईनं उघडलं. कडेवर वर्षाचं मूल. तिनं आम्हाला बसवलं, गावाकडचे का म्हणून विचारलं आणि दोन तांबे भरून पाणी दिलं. इतकं पाणी मी या वर्षी कोणाच्या घरी पाहिलं नव्हतं.

"जेवायला येतीलच आता," ती म्हणाली. "पोराला घेता का जरा? चहा टाकते."

रिबकानं पोराला घेतलं. ते तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी खेळू लागलं. खाली जमिनीवर त्याचं दुपटं पसरलेलं होतं, मधे निळे चौकोन आणि काठाला खाकी पट्टी. शाळेचं कापड सगळीकडे सारखंच असतं.

चहा घेऊन बाई बाहेर आली. रिबका म्हणाली, "मी रिबका. विल्सनची बायको."

बाईनं कप खाली ठेवले. एकही हिंदकळला नाही. "मग मी कोण?" ती म्हणाली. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. तिचं नाव शिवकन्या. विल्सननं तिच्याशी मारुतीच्या देवळात हार घातलेत. आपलं कोणी नाही, आईबाप गेले, असं त्यानं तिला सांगितलं होतं. मी तिथेच बसलो होतो, त्यानं मारून टाकलेला बाप, हातात तिचाच तांब्या.

एवढ्यात विल्सन आला. दारातच थांबला. रिबका उठली, पोर त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नाकावर गेलंय तुझ्या." आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

तो माझ्यामागे रस्त्यापर्यंत आला. "बाबा, हे घरातच राहू द्या. मी रिबकाच्या नावानं महिन्याला काहीतरी पाठवत जाईन. इथं उपासनेत मी पेटी वाजवतो. लोक मान देतात."

"प्रभुभोजन घेतोस?"

"हाव."

"कोणी विचारत न्हाई?"

"शहर हाय बाबा. इथं शनिवारी कोणी दारात येत न्हाई."

येताना गाडीत रिबका खिडकीशी बसली. कंधारच्या पुढे सगळी शेतं करपलेली. मी म्हणालो, "क्षमा कर पोरी." कोणाला, ते मी बोललो नाही. ती म्हणाली, "बघू."

शुक्रवार, १७ सप्टेंबर

सरजाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. मला वाटलं ती छाती बडवून घेईल. तिनं एवढंच विचारलं, "पोरगं बरं हाय का? खोकला हाय का त्याला?" दुःखात माणूस काहीही बोलतो.

रविवार, २६ सप्टेंबर

केरबा आला होता. बौद्धवाड्यातला माझा जुना सोबती. आम्ही गावच्या एकाच शाळेत, एकाच कडुलिंबाखाली, इतर पोरांपासून वेगळे बसून शिकलो. पुढे त्याच्या घरानं बुद्धाची वाट धरली. आमच्या घरानं प्रभूची त्याआधीच धरली होती. त्याची मुलगी पंचशीला वकील झाली आहे आणि आता लातूरला बसते. जिल्ह्याचं कोर्ट उस्मानाबादला होतं तेव्हा तिथे जायला दोन दिवस मोडायचे. आता सकाळी निघून संध्याकाळी परत.

रिबका मला न सांगता तिला भेटून आली आहे. तिला काडीमोड पाहिजे.

मी म्हणालो, "देवानं जोडलेलं आपण तोडायचं?"

"मामा, जोडलेलं कुठं हाय ते तरी दाखवा." ती रागावली नव्हती. "मी ना बायको ना रांड. खडीवर मुकादम विचारतो नवऱ्याचं नाव काय लावू. मी सव्वीस वर्षांची हाय. उद्या कोणी भल्या माणसानं विचारलं तर हाव म्हणायची मोकळीक पाहिजे. कोणी न्हाई विचारलं तरी पाहिजे."

पंचशीलानं तिला कायदा सांगितला आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत बायकोनं नवऱ्याची नुसती दुसरी बाई दाखवून भागत नाही, त्यानं टाकून दिलं हेही दाखवावं लागतं. तिचं एकटीचं बोलणं पुरणार नाही. डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस लागतो. असा माणूस एकच आहे.

मी म्हणालो, "आमच्यात क्षमा आहे."

केरबानं तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "लई चांगलं हाय मास्तर. पर आधी गुन्हा तर नोंदवा, मंग माफ करा. तुमी तर कोऱ्या कागदावरच माफी लिवून राहिलात."

रविवार, ३ ऑक्टोबर

आज उपासनेनंतर पंच बसले. दानिएल गुरुजी प्रमुख. गावच्या शाळेत जाण्याआधी मिशनच्या शाळेत त्यांनी मला मुळाक्षरं शिकवली, त्यांच्यापुढे मला आजही बसवत नाही. गुरुजी म्हणाले की मंडळीतली बाई कोर्टात गेली तर तालुकाभर नाव जाईल, वकील लोक हसतील. रिबका कोर्टातला अर्ज मागे घेईपर्यंत तिला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवावं.

कोणीतरी विचारलं, "आणि विल्सन?"

"विल्सन आपलं लेकरू आहे. भरकटलेल्या लेकराला प्रेमानंच जिंकावं लागतं. दार उघडं ठेवू." पाळकसाहेबांनी मान हलवली.

मी मत दिलं नाही, विरोधही केला नाही. घरी येऊन हात धुताना सुचलं: प्रेम सगळं मुलाच्या वाट्याला गेलं आणि न्याय सगळा सुनेच्या. देवाच्या घरात या दोन्ही वस्तू एकाच ताटात असायच्या. हे तिथे बोलायला हवं होतं. सुचलं ते मोरीत.

रविवार, ७ नोव्हेंबर

उपकारस्तुतीचा सण. दरवर्षी या दिवशी पहिली कणसं, उडीद, मूग, भोपळे यांनी मेज भरतं. या वर्षी पिकलंच नाही. कोणी चार अंडी आणली, कोणी सरपणाची मोळी. कस्तुराबाईनं एक घागर पाणी आणलं, पायानं न सरकवता, असं ती स्वतःच म्हणाली आणि सगळे हसले.

रिबकानं रोजगार हमीवर मजुरीत मिळालेले गहू आणले, ओंजळ नव्हे, सूपभर. गुरुजी थबकले. मग म्हणाले, "ठेव. देवाला दिलेलं परत करता येत नाही."

प्रभुभोजनाची पोळी सरजाबाई करते. मंडळीत दुसरे गहूच नव्हते. तिनं आज पहाटे, म्हणजे सणाच्या आधीच, रिबकाकडून मूठभर मागून घेतले होते. तेच दळले, त्याचीच पोळी. ताट घेऊन मी सगळ्यांपुढे फिरलो. जिच्या हातांना खडीचे घट्टे पडून हे गहू आले ती मागे सतरंजीवर बसली होती, आणि मी तिच्यापर्यंत जाऊन परत फिरलो. तिचे गहू चालले, तिचे हात चालले नाहीत.

सोमवार, ८ नोव्हेंबर

काम केलं नाही. मशीनला तेल घातलं.

शनिवार, ४ डिसेंबर

फेरी. टँकर दोन दिवस आला नाही, लोक वैतागलेले. "कोणाशी अबोला हाय का?" विचारलं तर एकजण म्हणाला, "टँकरवाल्याशी."

कस्तुराबाईच्या दारात मी प्रश्न विचारला तर तिनं उलटा मलाच विचारला. "मास्तर, तुमच्या घरी विचारलं का?"

"आमच्या घरचं तुम्हाला ठाऊक आहे."

"आम्हाला ठाऊक असून काय करता? माझी घागर पण गावाला ठाऊक होती. तरी तुमी आलात, विचारलंत, तवा मिटलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "राग मानू नका बरं. माझी पोरगी बी दिलेली हाय. उद्या तिच्यावर असं आलं तर तिचा सासरा गप बसंल का बोलंल, तेच बघून राहिले म्या."

मी पुढच्या घरी गेलो. पण आज प्रश्न विचारताना माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

शनिवार, २५ डिसेंबर

नाताळ. विल्सन एकटा आला. कोर्टाची नोटीस त्याला लागली आहे. चर्चमध्ये गुरुजींनी त्याला जवळ घेतलं, पुढे बसवलं. त्यानं पेटी वाजवली. हात अजून गोड आहे पोराचा.

दुपारी तो माझ्या मशीनजवळ बसला. लहानपणी बसायचा तसा, चाकाला पाठ लावून.

"बाबा, तुम्ही साक्ष द्यायला जाणार म्हणतात."

"अजून ठरवलं न्हाई."

"सरकारी नोकरी हाय. दोन बायका कागदावर आल्या तर जाते. मग शिवकन्या आणि पोरगं काय खातील? तुमचा नातू हाय तो." तो रडला. खोटं रडला नाही, बापाला कळतं. "तुम्ही फक्त येऊ नका. खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. येऊ नका."

"रिबकाचं काय?"

"तिला तुम्ही हायत की."

हे तो सहज बोलला. अडगळ ठेवायला माळा असतो, तसं.

निघताना सरजाबाईनं त्याच्या पिशवीत तिळाचे लाडू आणि एक गाठोडं घातलं. इतकं वाईट वागलेल्या मुलालाही आई रिकाम्या हातानं पाठवत नाही. रिबकानं त्याच्यासमोर ताट वाढलं आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवताना त्यानं मीठ मागितलं. तिनं मीठ दिलं.

गुरुवार, १३ जानेवारी १९८३

रात्री प्रार्थनेला बसतो आणि शब्द येत नाहीत. लहानपणापासून प्रार्थनेत काहीतरी मागायची सवय. आता काय मागू? साक्ष दिली तर मुलाची भाकरी जाईल. नाही दिली तर सुनेचं आयुष्य माझ्या ओसरीवर जोंधळे निवडत जाईल, आणि लोक मला क्षमाशील म्हणतील. मी विल्सनला क्षमा केली का, तेही सांगता येत नाही. त्यानं अजून काही मागितलेलंच नाही. गप्प राहा, एवढंच मागितलं. क्षमा आणि गप्प राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला पन्नाशी यावी लागली.

सोमवार, १४ फेब्रुवारी

दानिएल गुरुजी घरी आले. काठी टेकत, एवढ्या उन्हात. मी त्यांना खुर्ची दिली.

"तिमथी, तू माझा विद्यार्थी. बापानं मुलाविरुद्ध कोर्टात उभं राहणं कुठल्या शास्त्रात बसतं?"

"गुरुजी, खोटी साक्ष देऊ नये हे तुम्हीच शिकवलंत."

"खोटी कोण दे म्हणतंय? साक्षच देऊ नको."

"मग ती मी पाहिलेली गोष्ट कुठं ठेवू?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "माझ्या काळात आपण एवढेसे होतो. सगळं गाव टपून बसलेलं. एक जरी घर फुटलं तर मंडळीच फुटेल अशी भीती. तेव्हा झाकून ठेवलं म्हणून टिकलो."

ते खरं बोलत होते. त्या भीतीतूनच आम्ही सगळे वाढलो. मी म्हणालो, "टिकलो गुरुजी. पण आता झाकणाखाली एक माणूस आहे."

त्यांनी पाणी अर्धंच प्यायलं. उरलेलं तुळईखाली ठेवलेल्या कोंबडीच्या वाडग्यात नीट ओतलं. उठताना म्हणाले की मार्चपासून फेरी ते स्वतः करतील, मी करू नये. मी म्हणालो, "बरं." त्यांना वेशीपर्यंत सोडून आलो. रस्ता फुटका आहे आणि त्यांना नीट दिसत नाही.

बुधवार, २ मार्च

उद्या तारीख आहे. रिबकाला आजवर मी हो किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. संध्याकाळी मी माझा पांढरा सदरा इस्तरी करायला घेतला. ती ओसरीवरून पाहत होती. मग उठली, माझ्या हातातून इस्तरी घेतली आणि म्हणाली, "कॉलर तुम्हाला जमत न्हाई मामा." शिंप्याला! मला बरं वाटलं.

सरजाबाईला सांगितलं, "उद्या खरं बोलून येतो."

ती म्हणाली, "बोला. पर त्याला उपाशी सोडू नका."

गुरुवार, ३ मार्च

लातूर. कचेऱ्यांना अजून रंगाचा वास आहे. कोर्टाच्या दाराशी जो शिपाई पुकारा करत होता त्याचा कपडा मी शिवलेला. खांद्यात किंचित ओढत होता. माझं माप चुकलं होतं.

नाव पुकारलं. शास्त्रावर हात ठेवायला सांगितलं. तेच पुस्तक मी रोज उघडतो, पण आज हाताखाली ते गार लागलं. समोर विल्सन बसला होता. मी त्याच्याकडे पाहून बोलायचं ठरवलं होतं, तसंच बोललो.

पंचशीलानं विचारलं ते सांगितलं. मुलगा लग्नानंतर गेला तो बायकोला न्यायला आला नाही. नांदेडच्या घरात शिवकन्या नावाची बाई आहे, मूल आहे, तिनं स्वतः आम्हाला सांगितलं की ती त्याच्यासोबत संसार करते. तिनं आम्हाला पाणी दिलं, हेही सांगितलं. ते लिहून घ्यायची गरज नाही असं कारकून म्हणाला.

मग विल्सनचा वकील उठला. "मुलाशी तुमचं वैर आहे?"

"नाही."

"अबोला?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारत आलो. मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"होता," मी म्हणालो. "तो नांदेडात काय करतो ते मला विचारायचं नव्हतं, म्हणून मी बोलत नव्हतो. आता नाही. त्याची नोकरी राहावी म्हणून मी रोज प्रार्थना करतो. पण जे पाहिलं ते पाहिलं."

विल्सननं मान खाली घातली. न्यायाधीश काही वेळ लिहीत राहिले.

बाहेर चिंचेखाली तो उभा होता. रिबका आणि पंचशीला लांब थांबल्या. मला वाटलं तो निघून जाईल. मी सरजाबाईनं बांधून दिलेलं गाठोडं त्याच्यापुढे धरलं. माझ्या आणि रिबकाच्या भाकरी वेगळ्या होत्या, हे फक्त त्याचं. त्यानं ते घेतलं नाही, मीही हात मागे घेतला नाही. शेवटी घेतलं. गाठ सैल होती. भाकरीच्या वर एक लहानसं अंगडं होतं, खाकी पट्टीचं.

"शिवकन्या माहेरी जाते म्हणाली होती," तो म्हणाला. "गेली न्हाई. बोलत मात्र न्हाई माझ्याशी."

"मग जा. दिवस मावळायच्या आत."

तो वळला. चार पावलं जाऊन थांबला आणि अंगडं उलगडून पाहिलं. "आईला सांगा, मागचं तोकडं झालं होतं. हे बसंल."

मागचं कोणतं, ते मी विचारलं नाही. एसटीत बसलो. अहमदपूर येईपर्यंत मी निळ्या चौकोनांचा विचार करत होतो, आणि सरजाबाई वर्षातून दोनदा नायगावला बहिणीकडे जाते त्याचा. नायगावहून नांदेड असं किती लांब आहे!

शनिवार, ५ मार्च

निकाल लागायला वेळ आहे. त्यावर वरच्या कोर्टाची मोहोर लागते म्हणतात. उद्या रिबका सतरंजीवरच बसेल. मी तिच्या शेजारी बसेन. हे मी पाळकसाहेबांना निरोप पाठवून आधीच कळवलं आहे, त्यांनी ताट घ्यायला दुसरा माणूस पाहावा म्हणून.

गुरुजी सकाळी काठी टेकत फेरीला निघाले. आमच्या दारावरून गेले, थांबले नाहीत. मी ओसरीवर उभा होतो. ते गेल्यावर मी पायरी उतरून अंगणात आलो, वहाणा काढल्या आणि माझ्याच दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

"या घरात कोणाचा कोणाशी अबोला हाय का?"

रिबका जोंधळे निवडत होती. तिनं हात थांबवला. "माझा न्हाई मामा. मला बोलायचं होतं ते कोर्टात बोलून झालं."

सरजाबाई आतून पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली. "माझा होता," ती म्हणाली.

"कोणाशी?"

"तुमच्याशी. लई दिसांचा. तुमी विचारलंच न्हाई कधी."

"मग आता सांग."

ती उंबऱ्यावर बसली. मी पायरीवर बसलो. नातवाचं नाव सामसन आहे. नाव तिनंच सुचवलं. त्याला दमा आहे, पावसाळ्यात वाढतो. कुठल्या डॉक्टरचं औषध लागू पडतं, तो कोणत्या दिवशी चालायला लागला, शिवकन्येला तिनं आपण कोण आहोत ते कधी सांगितलं नाही, नायगावची मावशी म्हणून जात राहिली. तिचं बोलणं संपेपर्यंत ऊन अंगणातून ओसरीवर आलं.

फेरी आता गुरुजींची. एक घर माझ्याकडे राहिलं होतं, ते आज झालं.